गल्लीत सहा देश: अख्ख्या घरानं खेळायच्या मैदानी स्पर्धेची तयारी

उन्हाळ्याच्या सुट्टीत गल्लीत काहीतरी घ्यायचं म्हटलं की आपल्या कोल्हापुरात पहिलं नाव निघतं फुटबॉलचं, दुसरं कुस्तीचं. दोन्ही भारीच. पण दोन्हींत आई, आजी आणि तिसरीतली पोरगी यांना काम एकच, कडेला बसून बघायचं. सगळं घर मैदानात उतरेल असं काही करायचं असेल, तर त्याचा एक जुना, तावूनसुलाखून निघालेला नमुना युरोपातल्या टीव्हीवर होऊन गेलाय. तो इथल्या सामानात आणि इथल्या माणसांत कसा उभा करायचा, ते पहिल्यांदाच हात घालणाऱ्यांसाठी लिहितोय. सहा संघ, सात खेळ आणि साधारण अडीच तासांचा कार्यक्रम असा हिशेब धरलाय.

मूळ कार्यक्रम कसा होता

त्याचं नाव 'झ्यू साँ फ्राँतिएर'. १९६५ मध्ये फ्रान्स, पश्चिम जर्मनी, बेल्जियम आणि इटली या चार देशांत तो सुरू झाला. त्याआधी १९६२ पासून फ्रान्समध्ये 'इंतरव्हील' नावाचा गाव विरुद्ध गाव असा कार्यक्रम चालायचा, त्याचाच हा आंतरराष्ट्रीय अवतार. फ्रेंच आणि जर्मन तरुणांनी एकत्र येऊन खेळावं ही राष्ट्राध्यक्ष शार्ल द गॉल यांची कल्पना, असं सांगतात. महायुद्ध संपून तेव्हा वीसच वर्षं झाली होती. पुढं स्वित्झर्लंड, ब्रिटन, पोर्तुगाल असे देश येत गेले. १९८२ पर्यंत कार्यक्रम सलग चालला, मग थांबला, आणि १९८८ ते १९९९ असा पुन्हा चालला. ब्रिटनमध्ये याच घराण्यातला 'इट्स अ नॉकआउट' १९६६ पासून लोकांनी डोक्यावर घेतला होता.

देशाच्या नावानं खेळायला नामांकित खेळाडू येत नसत. एखादं छोटं शहर आपला संघ पाठवायचं आणि त्या दिवसापुरतं ते शहर म्हणजे अख्खा देश. अंगावर मोठाल्या मुंडक्यांचे पोशाख, पायाखाली साबणाचा उतार, हातात पाण्याची बादली, आणि पडलं की खाली पाणी. प्रत्येक देशात आळीपाळीनं एक फेरी व्हायची आणि प्रत्येक देशाचा सर्वांत सरस ठरलेला संघ अंतिम फेरीत जायचा.

आपल्याकडं हे वर्णन ऐकलं की पोरं लगेच म्हणतात, "म्हणजे 'ताकेशीज कॅसल'!" जावेद जाफरीच्या हिंदी बडबडीमुळं तो घराघरांत पोचला. पण तो जपानी कार्यक्रम १९८६ चा, बराच नंतरचा, आणि त्याचा साचा वेगळा. तिथं शंभरेक माणसं किल्ल्यावर चाल करतात आणि एकेक करून गळत जातात. बाद झाला की घरी. आपल्याला तो साचा नको. आठ वर्षांचं पोरगं पहिल्याच खेळात बाद होऊन दोन तास कडेला रडत बसलं, तर त्याच्या आईसकट अख्खं घर उठून जातं. युरोपातल्या कार्यक्रमात कोणी बाद होत नाही, फक्त गुण कमी पडतात. घरच्या माणसांसाठी हाच साचा बरा.

त्यातल्या तीन गोष्टी उचला. एक म्हणजे जोकरचा पत्ता: प्रत्येक संघाला एकदाच मिळतो आणि ज्या खेळाला लावला त्याचे गुण दुप्पट होतात. दुसरी 'फिल रूज', म्हणजे मुख्य खेळांच्या मधेमधे एकेका संघानं पाळीपाळीनं खेळायचा एक वेगळाच खेळ. तिसरी, बाहेरचे पंच. जेन्नारो ऑलिव्हिएरी आणि ग्विदो पांकाल्दी हे दोन स्विस पंच या कार्यक्रमात इतकी वर्षं उभे राहिले की प्रेक्षक त्यांच्या शिट्टीचीच वाट बघायचे. बाकी सगळं आपल्या मनानं बदला, या तिन्ही गाळू नका.

संघ पाडताना पेठ फोडा

इथंच बहुतेक जण घाई करतात. शिवाजी पेठ विरुद्ध मंगळवार पेठ असे संघ करायचा मोह होतो, पोस्टरही झकास दिसतं. पण शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार या तालमींचा फुटबॉल सामना ज्यानं बघितलाय, त्याला पुढं काय होतं ते सांगायला नको. साबणाच्या घसरगुंडीवर कुणाचा पाय आधी लागला यावरून दोन तालमी समोरासमोर येणार आणि आजीबाई भांड्याचं काम सोडून भांडण सोडवत बसणार.

म्हणून घरं मिसळा आणि वर देशाचं नाव लावा. मूळ कार्यक्रमात खेळलेलेच सहा देश घ्या: फ्रान्स, जर्मनी, बेल्जियम, इटली, स्वित्झर्लंड, पोर्तुगाल. दहा दिवस आधी एक बैठक घ्या. एका डब्यात घरांच्या चिठ्ठ्या, दुसऱ्यात देशांच्या. दोन किंवा तीन घरं मिळून एक देश. शेजारशेजारची घरं एकाच चिठ्ठीत आली तरी चालतं, पण एकाच तालमीची तीन घरं एकत्र आली तर एक चिठ्ठी परत डब्यात टाका. हे आधीच सांगून ठेवायचं, नंतर नाही.

प्रत्येक संघात खेळणारे सहा आणि राखीव दोन. सहांत एक साठीपुढचं माणूस, दोन मुलं आठ ते चौदा वर्षांची, बाकी तीन मोठे आणि त्यात किमान दोन बायका. हा आकडा लिहून भिंतीवर चिकटवा, कारण आयत्या वेळी "आमची आजी आजारी हाय, तिच्या जागी आमचा भाचा खेळंल" असं म्हणत प्रत्येक संघ एक तगडा भाचा घेऊन येतो. आजीच्या जागी आजीच, नाहीतर दुसऱ्या घरातले आजोबा.

झेंडे मुलांकडून रंगवून घ्या. त्यात गंमत आहे: बेल्जियमचे पट्टे उभे, काळा, पिवळा, लाल. जर्मनीचे आडवे, काळा, लाल, सोनेरी. कागद आडवाउभा धरला की एकाचा दुसरा होतोय असं वाटतं आणि रंगांचा क्रम हमखास चुकतो. स्वित्झर्लंडचा झेंडा चौकोनी असतो, लांबट नाही. पोर्तुगालवाल्यांना मधली ढाल काढायची म्हणजे घाम फुटतो, त्यांना एक दिवस जास्त द्या. प्रत्येक संघानं आपल्या देशाच्या भाषेतला एक नमस्कार पाठ करून मैदानात येताना मोठ्यानं म्हणायचा, एवढा गृहपाठ पुरे.

जागा आणि वेळ

कुस्तीचं खासबाग मैदान शाहू महाराजांनी १९१२ मध्ये उभं केलं. तिथं एकदा रिकाम्या बैठकीवर मुद्दाम बसून या. उतरती गोल बैठक, मधे खाली आखाडा. शेवटच्या रांगेतल्या माणसालाही कोण चीत झालं ते दिसतं. आपल्या खेळातली निम्मी मजा कुणीतरी धपकन पडण्यात असते आणि ते पडणं दिसलंच नाही तर लोक मोबाईल काढून बसतात. म्हणून सपाट मैदानापेक्षा एका बाजूला पायऱ्या, बांध किंवा उंचवटा असलेली जागा शोधा. शाळेचं मैदान बहुतेकदा बरं पडतं, पायऱ्या आणि नळ दोन्ही असतात. खेळासाठी ३० मीटर लांब आणि २० मीटर रुंद एवढी मोकळी जागा लागते.

तालमीचा आखाडा मात्र मागायला जाऊ नका. ती लाल माती तेल, ताक, हळद, लिंबू घालून मळलेली असते, पैलवान तिला पाया पडून आत उतरतात. तिथं साबणाचं पाणी सोडायचं नाही. विषय संपला.

पाण्याचे खेळ आहेत म्हणून उन्हाळा हवा. वार्षिक परीक्षा संपल्यानंतरचा रविवार धरा, दुपारी साडेचारला सुरुवात, सातच्या आत शेवट. उजेड तेवढाच असतो. एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर वळीव येतो, त्यामुळं पुढचा रविवार राखीव म्हणून निमंत्रणातच छापून टाका. डिसेंबरात करू नका, संध्याकाळी ओल्या कपड्यांत पोरं कुडकुडतात आणि सोमवारी सगळी शाळा सर्दीनं बंद.

परवानगीचं थोडक्यात. जागा ज्याची त्याचं लेखी पत्र, मग जवळच्या पोलीस ठाण्यात अर्ज आणि त्यातच लाऊडस्पीकरची परवानगी. तीन आठवडे आधी द्या. रात्री दहानंतर स्पीकर कायद्यानं बंदच असतो, पण आपण सातला मोकळे, त्यामुळं तो प्रश्न येत नाही. पाणी सार्वजनिक नळाचं वापरू नका, उन्हाळ्यात लोक बरोबर बोलतात. विहिरीचं किंवा बोअरचं पाणी हजार लिटरच्या टाकीत टेम्पोवरून आणा.

खेळ कसे निवडायचे

एक चाळणी लावा. प्रत्येक खेळाबद्दल विचारा: घरात एक पैलवान असलेला संघ हा खेळ हमखास जिंकेल का? उत्तर हो आलं की तो खेळ काढून टाका. म्हणून रस्सीखेच नको. सगळ्यांना पहिली तीच सुचते, पण निकाल वजनावर ठरतो, आणि कोणीतरी दोर हाताला गुंडाळून घेतो नि बोटं सोलून घेतो. ओझी उचलणं, पळण्याची शर्यत हेही त्याच कारणानं बाद. जिथं ताकद उलट आडवी येते, जिथं बारीक पोर किंवा सावकाश चालणारी आजी उपयोगी पडते, ते खेळ ठेवा.

चौघांची चप्पल हा पहिला खेळ ठेवा, कारण त्यात सगळे लगेच हसायला लागतात. दोन लांब फळ्या, त्यावर चार माणसं एकामागं एक, सगळ्यांचे डावे पाय एका फळीवर, उजवे दुसरीवर. फळ्या बनवायला १८ मिलिमीटर जाडीचं आठ बाय चार फुटांचं प्लायवूड आणा. सुताराकडून सहा इंचांच्या पट्ट्या कापून घ्या, एका शीटमधून आठ निघतात, म्हणजे चार जोड. एका वेळी तीन संघ सोडायचे, चौथा जोड मोडला तर हाताशी.

अंगठ्यासाठी सायकलच्या जुन्या ट्यूबा. पंक्चरवाल्याकडं ढीग पडलेला असतो, मागितला तर देतो. ट्यूब उभी चिरून दोन बोटं रुंद पट्टी करा, पायावरून आडवी घ्या, दोन्ही टोकं फळीच्या कडेवरून खाली वळवा आणि खालच्या बाजूनं चपट्या डोक्याच्या अर्ध्या इंची स्क्रूनं बसवा. स्क्रूचं डोकं प्लायमध्ये पूर्ण बुडालं पाहिजे आणि टोक वर येता कामा नये, हात फिरवून बघा. दोन पट्ट्यांत दोन फूट अंतर. सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे पट्टी ढिली हवी. माणूस पडला की पाय आपोआप सुटला पाहिजे. पट्टी घट्ट असेल तर पुढचा पडतो आणि मागच्याचा घोटा मुरगळतो. कडा पॉलिश पेपरनं घासा, आणि अनवाणी खेळू देऊ नका, कॅनव्हासचे बूट चालतात.

खेळताना जो संघ जोरात निघतो तो तिसऱ्या पावलाला आडवा होतो. सर्वांत मागच्यानं "डावा... उजवा..." असं सावकाश ओरडायचं, आणि सर्वांत पुढं मूल. मोठं माणूस पुढं ठेवलं तर त्याच्या लांब टांगेनं मागचे तिघं ओढले जातात. हे संघांना आधी सांगू नका. दुसऱ्या फेरीतले संघ पहिल्या फेरीचं बघून आपोआप शिकतात, म्हणून कोण कधी सुटणार याची चिठ्ठी काढा.

भोकाची घागर पाण्यासाठी. प्लॅस्टिकच्या घागरीला तापवलेल्या सळईनं आठ भोकं पाडा, सगळीकडं विखुरलेली, एक अगदी तळाला. दोनशे लिटरच्या बॅरलमधून घागर भरायची, पंधरा मीटर न्यायची आणि बादलीत ओतायची. चार मिनिटं. दोघांनी उचलायची, बाकीच्यांनी चालता चालता बोटांनी भोकं बुजवायची. इथं पोरांची बारीक बोटं कामाला येतात आणि धिप्पाड माणसाची अडचण होते. पाणी मोजायला सगळ्या बादल्या एकसारख्या घ्या आणि एकच पट्टी सगळ्यांत बुडवा. डोळ्यांनी अंदाज घेतला की भांडण झालंच. खाली सांडलेलं पाणी कडेच्या झाडांकडं जाईल असा उतार आधीच बघून ठेवा.

आजीचा आवाज हा माझा सर्वांत आवडता. नातवाच्या किंवा कोणाच्याही डोळ्यांवर पट्टी, समोर जमिनीवर टायर, उशा, उलट्या बादल्या. आजी वीस मीटरवर खुर्चीत. तिनं नुसतं ओरडून पोराला आपल्यापर्यंत आणायचं. सहाही संघ एकदम सोडा. सहा आज्या एकदम ओरडतात, आणि कोणत्या पोराला आपल्या आजीचा आवाज त्या गोंधळात ओळखू येतो ते बघण्यासारखं असतं. "अरं डावीकडं म्हनलं ना तुला, आरं तुझी डावी!" एक अट: नाव घेऊन हाक मारायची नाही, देशाचं नाव घ्यायचं. "बेल्जियम, वाईच थांब!" असं आजीच्या तोंडून ऐकायला मिळतं.

घसरगुंडीसाठी तीन-चार फूट उंचीचा बांध आणि त्यावरून सोडलेली जाड ताडपत्री, अठरा बाय चोवीस फुटांची. खाली भाताचं पिंजर भरा, हातभर जाड. उसाचा पाला फुकट मिळतो म्हणून तो घालू नका, त्याच्या कडा ताडपत्रीतूनही कापतात. ताडपत्री टाकण्याआधी माणसानं गुडघ्यावर बसून सगळी जमीन तळहातानं चाचपायची, एक खडा राहिला तरी कोणाची तरी पाठ सोलते. वर साबणाचं पाणी टाकताना शांपू वापरा. कपड्यांची पावडर डोळ्यांत गेली की पोरांचा खेळ तिथंच संपतो, आणि तेल तर अजिबात नको, ते निघत नाही. वरून गाठी मारलेला एक दोर सोडा. दोर धरून वर चढायचं, वर खोचलेलं आपल्या देशाचं एक निशाण घ्यायचं, बसून घसरत खाली. डोकं पुढं करून घसरायचं नाही, खालचा माणूस बाजूला झाल्याशिवाय वरच्यानं सुटायचं नाही. या दोन गोष्टींसाठी वर एक आणि खाली एक असा माणूस उभा करा, त्यानं दुसरं काहीही बघायचं नाही. साठीपुढच्यांना या खेळात सूट.

मोठ्या मुंडक्यांचा खेळ करायचा असेल तर बांबूच्या कामट्या आणि जुनी वर्तमानपत्रं पुरतात, गणपतीच्या देखाव्यांवर हात बसलेली पोरं प्रत्येक गल्लीत आहेत. डोळ्यांसाठी भोक मोठं ठेवा आणि आत कोणालाही तीन मिनिटांपेक्षा जास्त ठेवू नका, मे महिन्यात आत भट्टी होते. मुंडकं घालून चमच्यात लिंबू नेणं एवढा साधा खेळही धमाल होतो.

सहावा खेळ ट्रॅक्टरच्या फुगवलेल्या ट्यूबेचा, आतून दोघांनी पकडून आडवं चालायचं आणि वाटेतल्या काठ्यांना वळसा घालायचा. हवेचा नोझल आतल्या बाजूला असतो, त्यावर कापड गुंडाळून चिकटपट्टी मारा, पोटाला ओरखडे काढतो.

सातवा म्हणजे शेवटचा खेळ सगळ्यांनी मिळून, वरच्या सगळ्या खेळांतला एकेक तुकडा जोडून. याला वेगळी तयारी नको.

मधला खेळ, म्हणजे फिल रूज

एक खेळ संपला की दुसऱ्याचं सामान मांडायला पाच-सात मिनिटं जातात. नवख्या कार्यक्रमाचा जीव इथंच जातो. निवेदक "थोड्याच वेळात..." म्हणत राहतो आणि लोक भेळ खायला उठतात. फिल रूज याच भोकावर बसवा. मूळ कार्यक्रमात फिल रूज खेळणारा संघ त्या वेळच्या मुख्य खेळात नसे. आपण तसं करू नये, लोक घरून खेळायला आलेत. मुख्य खेळ संपला की लगेच एक संघ फिल रूज खेळेल आणि तेवढ्यात मागं कार्यकर्ते पुढची मांडणी करतील. सहा मध्यंतरं, सहा संघ.

त्यासाठी मैदानाच्या प्रेक्षकांकडच्या कडेला बारा फुटांची रुंद फळी विटांवर जमिनीपासून फूटभर उंच ठेवा, दोन्ही बाजूंना गाद्या. तीन मिनिटांत फळीवरून जेवढे रिकामे डबे पलीकडं नेता येतील तेवढे न्यायचे, एका वेळी एक. बाकीच्या पाच देशांची पोरं पाच मीटरवरून पाण्यात भिजवलेले स्पंज फेकून मारणार. पोरांना दिवसभर याच कामाची वाट असते.

वेळेचा हिशेब असा: सात खेळ, प्रत्येकी बारा मिनिटं म्हणजे चौऱ्याऐंशी. सहा फिल रूज, ये-जा धरून प्रत्येकी पाच, म्हणजे तीस. पावणेदोन-दोन तास झाले. उरलेला अर्धा तास संचलन, बक्षिसं आणि जे बिघडेल त्याला.

गुण

पहिल्याला सहा, दुसऱ्याला पाच, असे शेवटच्याला एक. शून्य कोणालाच नाही. बरोबरी झाली तर दोघांना वरचे गुण आणि त्याखालचा क्रमांक रिकामा. फिल रूजचे गुण सगळ्यांचं खेळून झाल्यावर, डब्यांच्या मोजणीवरून, याच पद्धतीनं.

जोकर खेळ सुरू होण्याआधी पंचांच्या हातात द्यायचा, निवेदकानं तो जाहीर करायचा. शेवटच्या खेळाला आणि फिल रूजला जोकर नाही. एका ठिकाणी मी बघितलंय, खेळ अर्धा झाल्यावर संघप्रमुख पत्ता हलवत मैदानात धावला, "आम्ही मनात आधीच लावलावता!" म्हणून जोकर हातभर मोठा करा, पुठ्ठ्यावर चित्र काढलेला, आणि दिला की पंचांच्या टेबलावर सगळ्यांना दिसेल असा उभा. कोणत्या खेळाला लावायचा यावर घरात दहा दिवस चर्चा चालते, तीही स्पर्धेचाच भाग समजा. आजी दमदार आवाजाची असेल तर शहाणं घर आजीच्या खेळाला लावतं.

फळा मोठा हवा, खडूनं लिहिलेला, दर खेळाला बेरीज बदलणारा. मोबाईलवर गुण ठेवू नका, लोकांना दिसत नाहीत आणि न दिसणाऱ्या गुणांवर संशय येतो.

पंच, निवेदक आणि पाहुणे

पंच गल्लीतला नको, पेठेतला नको, जमल्यास शहरातलाही नको. इचलकरंजी, कागल, गडहिंग्लज इथले शाळेचे क्रीडाशिक्षक ओळखीनं मिळतात, दोघांना बोलवा. येण्याजाण्याचा खर्च आणि जेवण एवढी त्यांची सोय करा. ऑलिव्हिएरी प्रत्येक खेळाआधी "त्र्वा, दू, अं" असं फ्रेंचमध्ये तीन ते एक मोजून शिट्टी मारायचे. आपल्या पंचांना मराठीत मोजू दे, पण मोजणं सगळ्या खेळांना एकसारखं हवं, म्हणजे "आम्ही ऐकलंच नाही" ही सबब जाते. पंचांचा निर्णय अंतिम हे बैठकीतच प्रत्येक घराकडून सही घेऊन मान्य करून घ्या.

निवेदक मात्र अस्सल इथलाच. कुस्तीच्या मैदानात निवेदन करणारी माणसं आपल्याकडं आहेत, ती समोर दिसतंय ते सांगता सांगता लोकांना हसवतात. त्याला एकच सूचना: पडलेल्या मुलाला हसू नका, पडलेल्या बापाला खुशाल हसा. हलगी हवीच. खेळ सुरू असताना हलगी, थांबला की बंद, म्हणजे मागच्या लोकांनाही कळतं.

पाहुणे येणार, त्यातले काही बोलणारच. भाषणाऐवजी त्यांना हलगीवर पहिली थाप मारायला द्या किंवा बेल्जियमच्या स्पंजफेकीत उभं करा. फोटो चांगला येतो, त्यामुळं तेही तयार होतात.

इजा होऊ नये म्हणून

पाणी आणि वीज एकत्र येणार आहेत, ही सर्वांत मोठी काळजी. स्पीकर, पंखे, जनरेटर सगळं पाण्याच्या विरुद्ध टोकाला. वायर जमिनीवरून नाही, बांबूवर उंचावरून. मांडववाल्याच्या बोर्डात करंट गळाला तर वीज तोडणारा ब्रेकर आहे ना, हे स्वतः दाबून बघा.

गल्लीतल्या डॉक्टरांना पहिल्या रांगेत खुर्ची द्या आणि आधी सांगून ठेवा. बर्फ, बँडेज, ओआरएस टेबलावर. १०८ ला फोन कोण करणार ते एका माणसाचं नाव ठरवा, आणि रुग्णवाहिका आत येईल अशी वाट गाड्यांपासून मोकळी ठेवा. रक्तदाब, हृदयाचा त्रास, गुडघ्याचं ऑपरेशन, गरोदरपण यातलं काही असेल तर घसरगुंडी आणि फळी नाही, बाकी खेळ डॉक्टरांना विचारून. मुलांच्या पालकांची लेखी संमती. अंगठ्या, बांगड्या, घड्याळं खेळाआधी काढून पिशवीत.

बक्षीस

रोख रक्कम ठेवू नका. हजार रुपये लावले की आजीच्या खेळातही लोक कायदा बोलायला लागतात. पहिल्या संघाला गुळाची एक मोठी ढेप, ती दोन-तीन घरांत फोडून वाटता येते. बाकीच्यांना लहान ढेपा. सहाव्या क्रमांकाला एक गमतीचा चषक, पत्र्याच्या डब्याला सोनेरी रंग मारून, आणि तो पुढच्या वर्षी परत आणायची अट. जेवण मिसळीचं ठेवा, ओल्या कपड्यांत गरम कट बरा वाटतो. वाढायचं काम जिंकलेल्या संघाकडं.

आवराआवर

लोक निघाले की कार्यकर्तेही पांगतात, म्हणून आवरायची माणसं वेगळी नेमा, दिवसभर दुसरं काम न केलेली. पिंजर गोठ्याला द्यायचं असेल तर साबणाचं पाणी लागलेलं वेगळं काढा, ते जनावरापुढं टाकू नका. प्लायच्या पट्ट्यांचे स्क्रू तसेच ठेवा, पुढच्या वेळी फक्त ट्यूबा बदलायच्या. ट्रॅक्टरच्या ट्यूबा हवा काढून परत करा, फुगलेल्या टेम्पोत मावत नाहीत. ताडपत्री रात्री ओली गुंडाळू नका, सकाळी दोन्ही बाजूंनी उन्हात वाळवून मगच घडी घाला. ओली दिली तर मांडववाला अनामतीतून पैसे कापतो, आणि वास आला की पुढच्या वर्षी देतही नाही.